बूच लावायच्या आधी

रस्त्याकडेच्या झाडांची पानं कडेनं पिवळी पडायला लागली, की चष्मेवाल्यांचं दुकानात लक्ष लागेनासं व्हायचं. एरवी माणूस नाकासमोर चालणारा. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली. मधल्या वेळात भिंगं घासायची, वाकड्या काड्या सरळ करायच्या आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा सरकवत विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" सगळा जन्म या एका प्रश्नात गेला म्हटलं तरी चालेल. पण पानगळ आली, की दर गुरुवारी दाराला 'आज बंद'ची पाटी लागे आणि चष्मेवाले थोरल्या बहिणीला घेऊन डोंगराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसत. गिऱ्हाइकांना हे पाठ झालं होतं. चष्मा मोडायचाच असेल तर बुधवारी मोडावा, असं गल्लीत म्हणत.

डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते आणि मळ्यांच्या पोटात वाइनची तळघरं. पानगळ म्हणजे तिथे लगीनघाई. द्राक्षं खुडून झालेली, रस पिंपांत भरलेला, आणि तो रस आपल्या मर्जीनं, कुणाचं न ऐकता, हळूहळू वाइन होत असलेला. या दिवसांत आल्यागेल्याला पेल्यात दोन घोट मिळत. गेल्या वर्षीची दाखवत, त्याच्या आधीची दाखवत, आणि मर्जी बसली तर यंदाची, अजून कच्ची, गढूळ, फेसाळ अशीही चाखायला देत. त्या दोन घोटांसाठी चष्मेवाले वर्षभर थांबायचे. पिणारा माणूस म्हणावं तर तसंही नाही. एक पेला संध्याकाळभर पुरवायचे. त्यांचं सगळं प्रेम वासावर. पेला नाकाशी धरून डोळे मिटले, की झोपेत हसणाऱ्या तान्ह्या मुलासारखं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर यायचं, आणि मग परतीची बस चुकली तरी त्यांची हरकत नसायची.

हे वेड लागलं ताईच्या संगतीनं. आई लवकर गेली, तेव्हा या धाकट्याला तिनंच वाढवलं. पुढे ती टेलिफोनच्या कचेरीत लागली. कानाला यंत्र लावून सगळ्या शहराचे आवाज इकडून तिकडे जोडून द्यायची. हॅलो म्हणायच्या आधी माणूस जो श्वास घेतो ना, त्यावरून ती माणूस ओळखायची, आणि तो खरं बोलणार की थापा मारणार, हेही. लग्न झालं, काही वर्षांनी नवरा गेला, आणि ती धाकट्याच्या घरी राहायला आली. आली म्हणजे काय, पहिल्या दिवसापासून घर तिचंच झालं. धाकट्यानं लग्न केलंच नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायचा, "नंबर जुळला नाही." साठी उलटलेल्या माणसाला 'धाकट्या' अशी हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ती हाक ऐकली की चष्मेवाले अजूनही हातातलं काम टाकून उठायचे.

तळघरात ही दोघं पहिल्यांदा गेली तीसुद्धा बस बिघडली म्हणून. बाहेर बोचरं वारं होतं, म्हणून समोरच्या उघड्या दारातून आत शिरली. अंधूक उजेड, ओलसर दगड, दोन्ही बाजूंना पिंपांची ओळ आणि हवेत गोडसर-आंबूस, भिजवलेल्या पिठासारखा वास. धाकट्याचं नाक तिथेच हरवलं. ताई मात्र दोन पावलं चालून थांबली. "इथे कुणीतरी कुजबुजतंय," ती म्हणाली. तिथले मालक, ज्यांना ही दोघं पुढे बागवाले म्हणू लागली, ते हसून म्हणाले की इथे उंदीरसुद्धा नाही. ताईनं वाकून एका पिंपाला कान लावला. "हे बोलतंय." मग पुढच्याला. "हेही." मग कोपऱ्यातल्याला, आणि तिथे बराच वेळ लावून म्हणाली, "हे झोपलं."

बागवाल्यांनी मोजायची काचेची नळी बुडवून पाहिली. झोपलं होतं खरंच. रसाची वाइन होऊन आतली खळखळ थांबली होती, आता बूच ठोकायला हरकत नव्हती. त्या दिवसापासून तिथे रीत पडून गेली. नळी ताईपेक्षा चोख होती, हे बागवाल्यांनाही ठाऊक होतं आणि ताईलाही. पण रीत ती रीत. ताईंनी कान लावल्याशिवाय पिंपाला पक्कं बूच बसायचं नाही. तोवर भोकावर नुसतं द्राक्षाचं एक पान, आतल्या वाऱ्याला वर यायला वाट म्हणून. ताईचा क्रमही ठरलेला होता. आधी कान, मग नाक, मग जीभ. "आधी ऐकून घ्यावं माणसानं," ती म्हणायची. "तू आपला घाईघाईनं नाक खुपसतोस."

शहरातही अधूनमधून हॉटेलच्या हॉलमध्ये वाइन चाखण्याचे कार्यक्रम होत. पांढरी टेबलं, रांगेत पेले, आणि चाखून थुंकायला चकचकीत भांडी. चष्मेवाले कोट चढवून जायचे आणि ताईलाही न्यायचे. तिथली मंडळी म्हणजे नाकानं कांदे सोलणारी. एकदा एक गृहस्थ पेला उजेडाकडे धरून गंभीरपणे म्हणाले, "या वाइनमध्ये एक खोल दुःख आहे." ताईनं शेजारी बसून विचारलं, "का हो, तिच्या घरचं कुणी गेलं का?" चष्मेवाल्यांच्या तोंडातला घोट नाकावाटे बाहेर आला. त्यानंतर त्या कार्यक्रमांत त्यांना पुढच्या रांगेत कुणी बसवलं नाही, आणि दोघांचं काही बिघडलंही नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ताईला ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. वास येईना, आणि वास नाही म्हणजे चवही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. ओळखीचे वास देत राहा. चष्मेवाल्यांनी ते मनावर घेतलं. संत्र्याची साल, कॉफीची पूड, साबण, जाळलेली काडी. ताईनं डोळे मिटायचे आणि चष्मेवाले हे एकामागून एक तिच्या नाकाशी धरून विचारायचे, "काही येतंय? हे बरं, की आधीचं?" पहिले काही आठवडे ती हसून म्हणायची, "दोन्ही कोरे कागद." मग हसणं थांबलं. मग जेवण निम्म्यावर आलं. घास तोंडात घेऊन ती नुसती बसून राहायची, चावायचं कशासाठी ते विसरल्यासारखी. अंगावरचे कपडे खांद्यावरून ओघळायला लागले. डॉक्टरांनी चष्मेवाल्यांना दाराबाहेर घेऊन हळूच सांगितलं, "त्या असंच खात राहिल्या तर थंडी झेपायची नाही." चष्मेवाले घाबरले. चांगलेच घाबरले. दुकानात भिंग घासता घासता त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्यालाच चष्मा लागलेला दिसतोय.

पानं पिवळी झाली. पहिल्या गुरुवारी त्यांनी कपाटातून कोट काढला आणि ताईकडे पाहिलं.

"मी नाही येत," ताई खिडकीशी बसून म्हणाली. "टक्कल पडल्यावर कंगवा घेऊन कुठे फिरू मी? तू जा."

"मग मी तरी कशाला जाऊ?"

"जा रे. दिवसभर माझ्या नाकाशी काहीतरी धरून बसतोस, मला कंटाळा आलाय."

चष्मेवाले गेले ते एक बेत मनात धरूनच. तळघरातली ती कच्ची, फेसाळ वाइन. तिच्या वासानं मेलेलं माणूस उठून बसेल, अशी त्यांची खात्री होती. साबणानं नाही झालं, संत्र्यानं नाही झालं, पण हा वास ताईचं नाक ओळखल्याशिवाय राहणार नाही. तो घरी आणायचा, एवढंच काम.

बस घाट चढायला लागली तेव्हा धुकं उतरलं होतं. खिडकीबाहेर मळे दिसत आणि पुसले जात. लाल झालेली पानं, ओल्या तारा, मध्येच एक उघडी शिडी, मग पुन्हा नुसतं पांढरं. शेजारची जागा रिकामी होती. चष्मेवाले सवयीनं खिडकी सोडून बसले होते, कारण खिडकी ताईची. वळणावर बस कलंडली, की ते थोडे आत सरकून बसत, कुणाला तरी धक्का लागू नये म्हणून. सगळा प्रवास असा अर्धा जागेपणी, अर्धा झोपेत झाला, आणि ते उतरले तेव्हा आपण नेमके कुठल्या वर्षात उतरतोय, हे क्षणभर त्यांच्या ध्यानातच येईना.

बागवाले दारातच उभे होते. त्यांनी चष्मेवाल्यांच्या मागे पाहिलं, बसच्या रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता त्यांना आत घेतलं. आत गेल्यावर चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं. बागवाले ऐकत एका पिंपावरचं पान नीट करत राहिले.

"यंदा आमचंही तसंच आहे," ते म्हणाले. "गारा पडल्या. वरच्या उताराची पांढरी द्राक्षं सगळी गेली. ताईंना आवडायचा तो नासपतीचा वास यंदा तळघरात कुठेच नाही. ही खालच्या मळ्यातली काळी. बघा."

चष्मेवाल्यांनी पेला नाकाशी धरला. खरंच, नासपती नव्हती. संत्र्याच्या वाळत घातलेल्या साली, ओली माती, आणि कुठेतरी मागे धूर. वेगळंच होतं, पण ते डोळे मिटून उभे राहिले, आणि धुकं जसं मळ्यावर उतरत होतं तसा तो वास त्यांच्या डोक्यात उतरत गेला. आपण इथे कशाला आलो, तेच ते विसरले. आठवलं तेव्हा त्यांना एकदम अपराधी वाटलं.

"मला ही न्यायची आहे. ताईसाठी."

"न्या की. पण अजून जिवंत आहे ती." बागवाल्यांनी दाराजवळच्या पिंपातून बाटली भरली, तोंडावर द्राक्षाचं पान ठेवलं आणि सुतळीनं सैलसर बांधलं. "बूच लावू नका. उभी धरा. मांडीवर घेऊन बसा, लेकरासारखी."

"मला सांगताय?" चष्मेवाले जरा फुशारकीनं म्हणाले. एवढ्या वर्षांत एवढं तर लहान पोरालाही कळलं असतं.

"आणि या पिंपाचं काय करू?" बागवाल्यांनी विचारलं. "ताई नाहीत, तर हे कधी झोपलं ते सांगणार कोण?"

चष्मेवाल्यांनी वाकून कान लावून पाहिला. त्यांना आपल्याच काळजाचे ठोके ऐकू आले. "तुमची नळी आहे ना," ते म्हणाले. बागवाल्यांनी मान डोलावली, पण नळी काही खिशातून काढली नाही.

परतीच्या बसमध्ये हीटर चालू होता. चष्मेवाले बाटली मांडीवर उभी धरून बसले. पानाच्या कडेनं बारीक फेस वर येत होता आणि वास बसभर पसरत होता. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, "काय छान वास येतोय हो." पलीकडच्या माणसानंही लांब श्वास घेतला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. एखाद्याला बरं वाटलं असतं. चष्मेवाल्यांना मात्र ते बघवेना. हा वास ताईचा होता. सगळी बस तो हुंगून संपवणार आणि घरी पोचेपर्यंत बाटलीत नुसतं आंबट पाणी उरणार. त्यांनी पानावर तळहात ठेवला. बोटांमधून वास येतच राहिला. घाट संपेना.

आता इतकी वर्षं तळघरं पालथी घातलेल्या माणसानं हे करावं का? पण माया माणसाला आंधळं करते, चष्मेवाला असला तरी. त्यांच्या कोटाच्या खिशात एक जुनं बूच कायम असायचं, हौसेखातर जपलेलं. त्यांनी सुतळी सोडली, पान काढलं, बूच तोंडात बसवलं आणि अंगठ्यानं दाबून दाबून आत घातलं. वर बाटली ऊब मिळावी म्हणून कोटात, छातीशी धरली. वास थांबला. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या उबेत त्यांचा डोळा लागला.

स्वप्नात ताई टेलिफोनच्या खुर्चीत बसली होती आणि तिच्यासमोर पिंपांची लांबच लांब ओळ होती. ती एकेका पिंपात तार खोचून विचारत होती, "कोण हवंय आपल्याला?" आणि पलीकडून सगळीकडून एकच उत्तर येत होतं, पण ते काय होतं ते चष्मेवाल्यांना ऐकू येईना. ते जवळ गेले. ताईनं बोट ओठांवर ठेवलं.

तेवढ्यात बूच उडालं.

ते बसच्या छताला आपटून पुढच्या बाईच्या मांडीत पडलं. फेस कोटातून, बाह्यांतून, गळ्याशी, हनुवटीवर आला. चष्म्यावरही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. "काका, लागलं का कुठे?" म्हणून तो धावत आला आणि मग हसू दाबत फडकं शोधायला लागला. बाईनं रुमाल दिला, पलीकडच्या माणसानं वर्तमानपत्र दिलं, सगळ्यांनी मिळून त्यांना पुसलं. चष्मेवाले बाटली उभी धरून बसून होते. तळाशी चार बोटं उरली होती. त्यांनी चष्मा काढला, तो पुसण्याच्या निमित्तानं डोळेही पुसले.

ताईनं दार उघडलं तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. तिनं त्यांच्या भिजलेल्या कोटाकडे, केसांकडे, हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"बूच लावलंस," ती म्हणाली.

"लावलं."

"या वयात." एवढंच म्हणून तिनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. सगळं स्वयंपाकघर त्या वासानं भरून गेलं. चष्मेवाल्यांनी पेला काढला, उरलेल्यातली निम्मी ओतली आणि तिच्यापुढे धरली. प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही.

ताईनं डोळे मिटले. पेला नाकाशी धरला. बराच वेळ गेला. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"आली," ती म्हणाली. "नासपती. अगदी तीच, दर वर्षीची."

चष्मेवाले तिच्याकडे पाहत राहिले. खुर्चीवरच्या कोटाला संत्र्याच्या सालींचा आणि धुराचा वास येत होता.

"बरोबर," ते म्हणाले. "नासपतीच आहे."

ताईनं डोळे उघडले. जन्मभर लोकांचे आवाज ऐकलेली बाई ती. एका शब्दावरून तिला सगळं कळलं. तिनं पेला खाली ठेवला.

"नाहीये ना?"

"नाही. गारांनी गेली."

"मला काहीच येत नाही रे, धाकट्या," ती म्हणाली. "म्हटलं, तू एवढा भिजून आलायस."

बाहेर पानांवरून कुणीतरी सायकल नेत होतं, तो आवाजही लांब गेला. स्वयंपाकघर अगदी शांत झालं, आणि त्या शांततेत ताईनं मान किंचित वळवली, दाराबाहेर कुणी हाक मारली की वळवावी तशी. तिनं टेबलावरची बाटली उचलली आणि कानाला लावली.

चष्मेवाले काही बोलणार होते. ताईनं बोट ओठांवर ठेवलं.

किती वेळ ती तशी बसली होती कोण जाणे. डोळे अर्धे मिटलेले, भुवया जरा वर, कचेरीत दूरच्या गावचा फोन जोडताना असायच्या तशा. उन्हाळ्यापासून तिच्या चेहऱ्यावर हे नव्हतं. कुठे गेलं होतं ते, असं वाटून चष्मेवाल्यांना भडभडून आलं. आधी कान, मग नाक, मग जीभ. आणि आपण महिनोन्महिने नाकाशीच काहीतरी धरत बसलो.

"हे कुठल्या पिंपातलं?" ताईनं विचारलं.

"दाराजवळच्या."

"अजून बोलतंय. एवढ्यात झोपायचं नाही हे." तिनं बाटली दुसऱ्या कानाला लावली, खात्री केली. "त्यांनी बूच तर नाही ना ठोकलं?"

"नाही. तुझ्यासाठी थांबलेत."

"त्यांच्याकडे नळी आहे."

"आहे. खिशातून काढतही नाहीत."

बाटली ताईनं मांडीवर घेतली. लेकरासारखी, उभी.

"तू त्यांना काय सांगणार, तुला तर काही ऐकू येत नाही," ती अखेर म्हणाली. "येत्या गुरुवारी मीच येते. माझी काठी कुठे ठेवलीस ती काढून ठेव." आणि मग जरा वैतागून, जसं काही यात सगळा दोष धाकट्याचाच होता, "आणि काहीतरी खायला दे मला. असल्या अंगानं त्या घाटात मी टिकायची नाही."

चष्मेवाल्यांनी पाव काढला. वरून कडक होता, सुरी टेकवताच करकरला. ताईनं एक तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागली, सावकाश, मान थोडी कलती करून. कडक पापुद्र्याचा चुरचुर आवाज टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता.

काही येतंय का, हा प्रश्न सवयीनं चष्मेवाल्यांच्या ओठांवर आला. त्यांनी तो विचारला नाही. पावाचा दुसरा तुकडा कापून त्यांनी तिच्या बशीत ठेवला.